आधी परीक्षानळी, मग मूर्ती

अजिंठ्याच्या चित्रांचे ज्यांच्या हातून नुकसान झाले, त्यांतले बरेच जण ती वाचवायलाच आले होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत नकला करत होते. त्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर रोगण चढले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणले. भिंतीपासून सुटलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी बसवला, आणि त्या कामाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही दिले. ते आधी पिवळे पडले, मग तपकिरी झाले, त्यावर धूळ बसली, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेची कित्येक वर्षे गेली. यात अडचण निव्वळ रसायनाची आहे. ताजी लाख अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. जुनी होत गेली की तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मग अल्कोहोल तिला दाद देत नाही. जास्त जहाल द्रावक घ्यावा लागतो. त्या थराखाली काय आहे, तर मातीच्या गिलाव्यावर पातळ चुन्याचा हात आणि त्यावर सरसासारख्या चिकट द्रव्याने बसवलेले रंग. युरोपातल्या खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यात रंग मुरतो आणि चुना वाळताना त्याला धरून ठेवतो. अजिंठ्यात ती पकड नाही, म्हणून इथे साधे पाणीसुद्धा शत्रू ठरू शकते. वर न विरघळणारा थर आणि खाली चटकन विरघळणारा, अशी ती कोंडी आहे.

ही कोंडी शब्दांत वाचून कळते, पण हाताला कळत नाही. काचेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, दोहोंवर लाखेचा हात द्यावा, एक कपाटात ठेवावी आणि दुसरी ओव्हनमध्ये काही तास तापवावी. मग काडीला कापूस गुंडाळून, अल्कोहोलमध्ये बुडवून दोन्ही पट्ट्यांवर फिरवावा. पहिल्या पट्टीवरचा कापूस लगेच पिवळा होतो, दुसरीवरचा जवळजवळ कोराच राहतो. पट्ट्या तयार असल्या की एवढ्या प्रयोगाला दहा मिनिटे पुरतात, आणि तो केलेला विद्यार्थी पुन्हा कधी ‘नंतर काढून टाकू’ या भरवशावर कशालाही रोगण लावणार नाही. पुढच्या पानांतली प्रात्यक्षिके याच जातीची आहेत. कलावस्तू आणि वारसा यांचे जतन शिकणाऱ्याने रसायनशास्त्र हाताने शिकले पाहिजे, ते मोलाच्या वस्तूवर नव्हे तर टाकाऊ मालावर शिकले पाहिजे, आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत त्यासाठी लागणारे बहुतेक सामान आजच कपाटात पडून आहे, हे माझे म्हणणे आहे. पहिल्या दोन गोष्टींवर फारसे कोणी भांडणार नाही. तिसरीवर भांडतील, म्हणून या प्रस्तावनेचा बराचसा भाग तिच्यासाठी.

जतनाच्या शास्त्राचा इतिहास प्रयोगशाळेतूनच सुरू होतो. बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीडरिश राटगेन या रसायनज्ञाला नेमून आपली प्रयोगशाळा काढली, कारण इजिप्तहून आलेल्या वस्तू कपाटात ठेवल्या ठेवल्या मिठाने फुटत होत्या. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याने १९१७ मध्ये मुहम्मद सनाउल्ला यांना रसायनज्ञ म्हणून घेतले, आणि तिथून आजची विज्ञान शाखा वाढली. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० मध्ये प्रयोगशाळा आली, लखनौला १९७६ मध्ये राष्ट्रीय पातळीची जतन-प्रयोगशाळा उभी राहिली, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने स्वतःचे जतन केंद्र काढले. ही सारी ठिकाणे वऱ्हाडापासून लांब आहेत. पण अंतरापेक्षाही महत्त्वाचे असे की, लखनौच्या किंवा मुंबईच्या हवेत जे घडते ते वऱ्हाडातल्या बाळापुरात तसेच घडेल असे नाही.

बाळापूरचेच पाहा. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा तिथला किल्ला १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाबाने पुरा केला. त्याच्या तटाबुरुजांचे विटकाम त्या काळातले उत्तम समजले जाई. आणि तो उभा आहे पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाण पट्ट्यात. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, जमिनीला पाणी दिले तर ती बिघडते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. तेच खारे पाणी पायथ्याच्या ओलीतून विटेत चढते. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून विरघळते, आणि त्याखाली आली की पुन्हा स्फटिक होऊन बसते. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि आषाढ-श्रावणात तीच हवा ती ७५ ची रेघ पुन्हापुन्हा ओलांडते. प्रत्येक वेळी विटेच्या छिद्रात स्फटिक वाढतो आणि छिद्राची भिंत रेटतो. पोपडे निघतात, वीट भुकटी होऊन गळते, आणि आपण म्हणतो की जुने बांधकाम आहे, चालायचेच.

हे प्रयोगशाळेत दाखवायला काय लागते? झाकणाच्या तीन बरण्या. एकीच्या तळाशी मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले की आतल्या हवेची आर्द्रता आपोआप ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचे ठेवले की ती ३३ च्या जवळ राहते. तिसरीत नुसते पाणी. प्रत्येकीत जाळीवर मिठात भिजवून वाळवलेला विटेचा तुकडा आणि एक घासलेला खिळा ठेवावा, दर आठवड्याला तुकडा तोलावा, खिळा बघावा, आणि नोंद करावी. महिनाभराने दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीतल्या तुकड्यांची अदलाबदल करावी. वजनाचा आलेख काढला की वऱ्हाडचा सबंध पावसाळा त्या कागदावर उतरतो. विटेतले मीठ बाहेर काढायचे झाले तर कागदाच्या लगद्याचा किंवा मातीचा ओला लेप लावून ते शोषून घेतात, आणि किती निघाले हे लेप धुतलेल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून कळते. त्याचे यंत्र शोधत दिल्लीला जायला नको. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि कोणत्याही बऱ्या माती परीक्षण केंद्रात तेच मीटर शेतकऱ्याच्या मातीचा खारटपणा मोजायला रोज वापरतात. जमिनीची खार मोजणारी माणसे या प्रदेशात मुबलक आहेत. भिंतीची खार मोजायला त्यांना आजवर कुणी बोलावले नाही, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण तर बारावीच्या जर्नलमध्येच आहे. सॉल्ट अ‍ॅनालिसिस करताना क्लोराइड ओळखायला सिल्व्हर नायट्रेट टाकतात आणि दह्यासारखा पांढरा साका येतो, हे विज्ञान शाखेच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. (परीक्षेत कोणता सॉल्ट आला हे प्रयोगशाळा सहायकाच्या भुवईवरून ओळखणारेही असतात, ते सोडा.) मार्कांसाठी शिकलेली हीच चाचणी एखाद्या तांब्या-काशाच्या मूर्तीचे भवितव्य ठरवते. जुन्या तांब्यावरचा गडद, गुळगुळीत हिरवा थर बहुधा निरुपद्रवी असतो, उलट तो धातूचे रक्षण करतो. पण फिकट हिरव्या, भुरभुरीत भुकटीचे ठिपके दिसू लागले तर आत क्लोराइड दडलेले असण्याची शक्यता मोठी. हवेतली आर्द्रता ४०-४५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते ओलावा आणि प्राणवायू घेऊन धातू खात सुटते. सुईच्या टोकावर मावेल एवढी भुकटी काचेच्या बशीत घ्यायची, विरल नायट्रिक आम्लाचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. दुधाळ झाले तर रोग आहे. सारे काम बशीत होते, वस्तूवर आम्लाचा थेंबही पडत नाही.

या चाचणीत एक खोच आहे आणि ती खास आपल्या भागाची आहे. बशी नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने विसळली असेल तर अकोल्यात प्रत्येक वस्तू रोगी निघेल, कारण पाण्यातच क्लोराइड आहे. म्हणून आधी शुद्ध पाण्यावर तीच चाचणी करून बघायची, मग नमुन्यावर. पाठ्यपुस्तकात ही कोरी चाचणी एका ओळीत उरकलेली असते आणि विद्यार्थी ती गाळतो. इथे ती गाळली तर निदानच उलटते. हाताने शिकण्याचे मोल मला अशा ठिकाणी दिसते. याच ओघात घरोघरचा एक प्रश्नही सुटतो. चिंच आणि मीठ लावून देवाची भांडी लख्ख होतात, मग जुनी मूर्ती का नको घासायला? रोजच्या तांब्याला काही होत नाही, तो रोज धुतला जातो. पण जुन्या, खड्डे पडलेल्या काशात चिंचेचे आम्ल संरक्षक थर काढून टाकते आणि मिठातले क्लोराइड त्या खड्ड्यांत जाऊन बसते. आपण आपल्या हाताने रोग टोचतो.

कागदाकडे वळलो तर वऱ्हाडची श्रीमंती डोळ्यांत भरते. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही महानुभावांची काशी. गोविंदप्रभूंचे हे गाव, मराठी गद्याचा उगम ज्या ‘लीळाचरित्रा’त आपण मानतो त्याचा जन्म तेराव्या शतकात याच परिसरात झाला, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आले आहे. मठांतल्या पोथ्या, महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीतले लेखन, आणि दुसरीकडे १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेल्यावर साचलेले महसुली कागद, असा दुहेरी ठेवा या भागात आहे. दोन्हींत काळी अक्षरे दिसतात, पण काळे काळे सारखे नसते. काजळ, डिंक आणि माक्याचा रस यांची पारंपरिक शाई कागदाला खात नाही. मात्र तिचा डिंक पाण्याने सुटतो. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून होणारी, किंवा कचेऱ्यांत वापरली गेलेली निळी-काळी शाई लोहाची असते. ती पाण्याला बऱ्यापैकी टिकते, पण तिच्यातले आम्ल आणि लोह मिळून कागद आतून जाळतात; अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. एकीला पाण्यापासून जपायचे, दुसरीचे आम्ल मारायचे. डोळ्याला हा फरक दिसत नाही, बॅथोफेनँथ्रोलिन लावलेली चाचणीची पट्टी किंचित ओली करून अक्षरावर क्षणभर टेकवली तर दिसतो: लोह असेल तर ती लालसर होते. हिरडा मेळघाटात मिळतो, हिराकस अजूनही विकत मिळते. वर्गातच शाई करावी, जुन्या बेकार वहीवर लिहावे, एक पान ओव्हनमध्ये म्हातारे करावे आणि मग दुमडून बघावे.

कापसाच्या प्रदेशातल्या मुलाला सेल्युलोज समजावणे सोपे जावे. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि चिंध्यांपासून केलेला जुना हातकागद त्याचाच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन. फ्लोरोग्लुसिनॉलचा आम्लातला थेंब वर्तमानपत्रावर टाकला की डाग किरमिजी होतो, जुन्या हातकागदावर काहीच होत नाही. तीनशे वर्षांची पोथी मऊसूत का राहते आणि मागच्या वर्षीचे वर्तमानपत्र पिवळे पडून का तुटते, याचे बरेचसे उत्तर त्या थेंबात आहे. पोथ्यांतले रंग मात्र जपून हाताळायचे. चूक झाकायला वापरलेली हरताळ हे आर्सेनिकचे सल्फाइड, तांबडी अक्षरे ज्याची असतात तो हिंगूळ पाऱ्याचे. कोरड्या पानावरची पिवळी भुकटी फुंकरीने उडवणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी ठाऊक हवे. हातमोजे, मास्क, खिडकीचा पंखा, चांदी आणि पारा असलेले टाकाऊ द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवणे, या सवयी पहिल्या तासापासून लागल्या पाहिजेत. पुढे त्या लागत नाहीत.

आता आक्षेप. त्यांतला सर्वांत आदराने घ्यावा असा आक्षेप मिस्त्रीचा आहे. गाविलगड, नरनाळा बांधणाऱ्यांनी कोणती परीक्षानळी पाहिली होती? चुना विरवून मुरत ठेवणे, घाणीत मळणे, त्यात गूळ, बेलफळ, उडदाचे पाणी, हिरड्याचे पाणी घालणे हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेले नाही. पूर्णपणे मान्य. पण ते ज्ञान आज किती हातांत उरले आहे? आणि मिस्त्री नसलेल्या ठिकाणी दुरुस्तीच्या नावाखाली चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते ते कोण थांबवणार? सिमेंट घट्ट असते, ओल त्यातून निघत नाही, ती विटेतून वाट काढते आणि वीट झिजते. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षार घेऊन येते ते वेगळेच. जुन्या गिलाव्यात किती चुना आणि किती वाळू, हे मिस्त्री बोटांनी सांगतो. प्रयोगशाळा तेच दहा ग्रॅम नमुना विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, गाळून, उरलेली वाळू वाळवून तोलून सांगते, आणि कागदावर लिहून ठेवते. आपली वाळू काळ्या दगडाची, ती आम्लात फारशी विरघळत नाही, म्हणून ही पद्धत इथे चांगली चालते. मात्र काळ्या मातीतल्या चुनखडीचे खडे वाळूत असतील तर तेही विरघळतात आणि चुन्याचे प्रमाण फुगते. म्हणून नमुना आधी भिंगाखाली निवडायचा. ही निवड मिस्त्रीच्या शेजारी बसूनच उत्तम शिकता येते. पोत्यातला चुना हवेने मेला आहे का, हेही आम्लाचा एक थेंब सांगतो: जोरात फसफसला तर त्याचा बराच भाग पुन्हा दगड होऊन बसला आहे, बांधकामाला निरुपयोगी. मिस्त्रीला ते आधीच कळलेले असते. पण ठेकेदाराने पुरवलेले पोते परत पाठवताना त्याच्या शब्दाला वजन मिळते ते या थेंबाने.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: अर्धवट रसायन शिकलेली पोरे गावोगावच्या मूर्तींवर आम्ल ओततील. भीती खरी आहे, पण तिचे मूळ कुठे आहे ते पाहू. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन झाले आणि त्यावरून झालेला वाद महाराष्ट्राने पाहिला. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीच्या वज्रलेपाची चर्चाही दर काही वर्षांनी होते. भाविक, पुजारी, वकील, पत्रकार सगळे बोलतात. काय लावले, ते परत काढता येते का, दुधा-दह्याच्या अभिषेकाने दगडाचे काय होते, हे प्रश्न विचारण्याइतके रसायन फार थोड्यांना येते. वऱ्हाडात तर गावागावांत मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढलेला आहे. अस्सल शेंदूर शिशाचा, हल्लीचा कित्येकदा नुसता नारिंगी रंग. तेलात कालवलेले थरावर थर. खाली कोरीव काम असेल म्हणून तो खरवडावा का? रसायनशाळा थर ओळखून देईल, पण उत्तर देणार नाही, कारण तो शेंदूर हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्यावर पहिला हक्क गावाचा. चांगल्या प्रात्यक्षिकाचा मोठा फायदा हाच की ते हात आवरायला शिकवते. ज्याने दहा द्रावक काचपट्टीवर चुकताना पाहिले आहेत, तो अकरावा मूर्तीवर लावायला धजत नाही. आम्ल ओततो तो बहुधा काहीच न शिकलेला असतो.

खर्चाचा आक्षेप मला फारसा टिकाऊ वाटत नाही. एक्स-रे फ्लुओरेसन्स, इन्फ्रारेड यांसारखी यंत्रे उपयोगी आहेत आणि ती जिथे आहेत तिथे नमुना पाठवता येतो. पण कुठला नमुना, कुठून, किती आणि कशासाठी घ्यायचा हे ठरवणारा माणूस इथे घडला पाहिजे. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ पासून उभी आहे, विद्यापीठ १९८३ पासून. ब्युरेट, पिपेट, तराजू, ओव्हन, पीएच मीटर, शुद्ध पाण्याचे यंत्र यांची इथे वानवा नाही. वानवा आहे ती इतिहासाच्या, मराठीच्या आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला त्या दारातून आत येऊ देण्याची. ‘यांना रसायन झेपणार नाही’ असे म्हणतात. मोलॅरिटीची गणिते पहिल्या दिवशी फळ्यावर मांडली तर खरेच झेपणार नाही. पण ज्याला दोन काळ्या शायांतला फरक जाणून घ्यायचा आहे, तो आम्ल म्हणजे काय हे त्या ओघात शिकतो आणि विसरत नाही. नोकऱ्यांचे विचाराल तर त्या थोड्या आहेत, हे स्पष्ट सांगतो. मठ, ग्रंथालये, देवस्थाने, अभिलेखागारे यांना असे लोक हवे आहेत. त्यांना पगार द्यायची तयारी अजून नाही.

म्हणून ही पुस्तिका रसायन विभागप्रमुखांच्या हाती आधी पडावी. आठवड्यातला एक दुपारचा तास, रिकामे एक टेबल आणि एक मोकळे कपाट त्यांनी द्यावे. विटा, चुना, जुन्या वह्या आणि गंजके खिळे विद्यार्थी घेऊन येतील. सुरुवात क्लोराइडच्या चाचणीने करावी, आणि सर्वांत आधी आपल्याच नळाचे पाणी तपासावे.